पोर्ट इंजिन सहाशेवर

तटरक्षक दलाच्या एका गस्ती जहाजावर माझं पोस्टिंग झालं, तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. हुद्दा प्रधान नाविक. काम इंजिन रूममध्ये. बेस मुंबई. घर बदलापूर पश्चिमेला, बेलवलीत. वडील अंबरनाथच्या फॅक्टरीत फिटर होते आणि घरची थोडी भातशेती होती. समुद्राशी आमच्या घराचा संबंध सुक्या बोंबलापुरता.

सुट्टीवर गेलो की लोक मला नेव्हीवाला म्हणायचे. काही जणांना मी कस्टममध्ये आहे असं वाटायचं. शेजारचे म्हातारे दामूकाका दर खेपेला विचारायचे, "काय रं, कस्टमात हाईस ना तू? येखादा घड्याल तरी आन."

मी सांगायचो, काका, नेव्ही लढाईसाठी असते. कस्टमवाले बंदरात माल तपासतात. आम्ही शांततेच्या काळात समुद्रावर असतो. परक्या देशाचे ट्रॉलर आपल्या पाण्यात मासे मारायला आले तर त्यांना पकडतो. चोरटा माल अडवतो. कुणी बुडत असेल तर काढतो.

"म्हंजे पोलीस," काका म्हणायचे.

"पोलीसही, आणि फायर ब्रिगेडही."

"मंग ठीक हाय," म्हणायचे. पुढच्या सुट्टीत पुन्हा घड्याळ मागायचे.

जहाजावरचा दिवस ठरलेला असे. ०५३० ला उठणं, ०७३० ला फॉल इन, मग कामाची वाटणी. चार तास वॉच, म्हणजे इंजिनावरची पाळी, आठ तास बाकीची कामं, झोप, पुन्हा चार तास वॉच. इंजिन रूममध्ये दोन मेन इंजिनं होती. उजवीकडचं स्टारबोर्ड, डावीकडचं पोर्ट. आवाज इतका की आम्ही हातवाऱ्यांनी बोलायचो. दर तासाला तेलाचं प्रेशर, पाण्याचं तापमान आणि आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, रजिस्टरमध्ये लिहायचं. आठ-दहा दिवस गस्त, दोन-तीन दिवस बंदरात, पुन्हा गस्त.

त्याच जहाजावर हरेश तलरेजा होता. हुद्दा उत्तम नाविक, माझ्याहून एक पायरी खाली. डेकवरचा माणूस. जहाजावरच्या रबरी बोटीचा, म्हणजे जेमिनीचा, तो कॉक्सन. ती पाण्यात उतरली की चालवायचं काम त्याचं. पहिल्या दिवशी जेवणाच्या रांगेत त्यानं विचारलं, "तू किधरचा?"

"बदलापूर."

"अरे, मी कॅम्प एकचा. उल्हासनगर. मग तर घरचाच ना तू."

वय पंचवीस. अंगानं बारीक, खांदे मात्र रुंद. कॅम्प एकला वडिलांचं प्लास्टिकच्या बादल्या, टब, पाइपांचं दुकान होतं. हा धाकटा. थोरला भाऊ दुकानात बसायचा. हरेशला दुकानात बसायचं नव्हतं. म्हणायचा, "भाई, गिऱ्हाईक येतो, बादली उलटी करून बघतो, टकटक करतो आणि जातो. मला नाही जमत." पोहायला कुठं शिकलास असं विचारलं तर म्हणाला, खाणीत. मलंगगडाच्या बाजूला खडीच्या बंद खाणी होत्या, त्यात पाणी साचायचं.

सुट्टी एकत्र मिळाली की तो एखाद्या दिवशी बेलवलीला यायचा. आईच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुकट खायचा. आमच्या घरी पापडाचे गठ्ठे आणायचा. आई म्हणायची, "ह्याचं लगीन तरी लावा कोनी." त्याच्यासाठी मुलगी बघायला सुरुवात झाली होती.

आता पोर्ट इंजिनाचं सांगतो.

ते परकीय चलनाच्या चणचणीचं वर्ष होतं. देशाकडं बाहेरून तेल घ्यायलाही पुरेसं चलन नव्हतं, तिथं आमच्या इंजिनाच्या टर्बोचार्जरचं बेअरिंग कुठल्या रांगेत बसणार? पार्ट परदेशातून यायचा होता. डिमांड गेली होती. उत्तर येई, मंजुरीच्या प्रतीक्षेत. यात मी कुणाला दोष देत नाही. पण देशाला पैसा वाचवायची जागा शोधायची झाली की आमच्यासारख्या दलाकडं आधी बघतात, कारण आमच्याविना काही अडलेलं दिसत नाही. माणूस बुडेपर्यंत काहीच अडत नाही.

हजार आरपीएमवर चालणारं इंजिन आम्ही सहाशेवर चालवत होतो. त्याच्या वर नेलं की बेअरिंग थरथरायचं, तापायचं. एका इंजिनाचा जोर कमी झाला की सुकाणू सतत एका अंगाला धरून ठेवावं लागतं, त्यात आणखी वेग जातो. दोन्ही धड असती तर खवळलेल्या समुद्रातही अठरा नॉट, म्हणजे तासाला अठरा सागरी मैल, मिळाले असते. आम्हाला दहा मिळत होते, फार तर अकरा. दुसरं जहाज गोदीत मोठ्या दुरुस्तीला होतं. तिसरं गुजरातकडं होतं. मधल्या सगळ्या किनाऱ्याला आम्ही होतो.

पावसाळा संपून महिना झाला होता. आम्ही गस्तीचा नववा दिवस संपवून परत येत होतो. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याचा इशारा आदल्या दिवशी आला होता. बहुतेक मच्छीमार बोटी किनाऱ्याला लागल्या होत्या.

सकाळी ०६२५ ला रेडिओवर मेडे, म्हणजे जीव वाचवा अशी हाक, आला. एक ट्रॉलर. इंजिन बंद, पाणी आत येतंय, आठ माणसं. आमच्यापासून बासष्ट सागरी मैल.

०६३५ ला इंजिनिअर ऑफिसर खाली आले. आम्ही त्यांना ईओ साहेब म्हणायचो. त्यांनी मला कंट्रोल केबिनमध्ये घेतलं, दार लावलं.

"पोर्टचं किती देशील?"

"सहाशे, सर."

"आठशे?"

"अर्धा तास जाईल. मग सीझ होईल, जाम."

"सातशे?"

मी बेअरिंगचं तापमान दाखवलं. सहाशेवरच काटा लाल रेषेजवळ होता. "सर, पोर्ट बंद पडलं तर या समुद्रात एका इंजिनावर बोट उतरवता येणार नाही. जहाज जागेवर धरता येणार नाही."

त्यांनी काटा बघितला. "सहाशे," म्हणाले आणि फोनवरून कॅप्टन साहेबांना तसं सांगितलं. हिशेब बरोबर होता. नंतर चौकशीतही तो बरोबर ठरला.

दहा नॉटनं बासष्ट मैल म्हणजे सहा तास.

तिथं पोचेपर्यंतची हकिकत रजिस्टरमध्ये आहे. ०८०० ला वारा वाढला. ०९३० ला जहाज इतकं डोलू लागलं की टूलबॉक्स बांधून ठेवले. १०१५ ला एक विमान ट्रॉलरवरून घिरटी घालून गेलं, नेमकी जागा सांगून गेलं. माणसं डेकवर दिसतात, बोट सरळ आहे, असा त्याचा निरोप होता. हेलिकॉप्टरला तो वारा मर्यादेबाहेरचा होता.

अकराच्या सुमारास हरेश इंजिन रूमच्या दारात आला. अंगावर लाइफ जॅकेट होतं. हातात चहाचे दोन मग. एक मला दिला. वर यायची खूण केली. आम्ही जिन्यात उभे राहिलो.

"उतरवणार का जेमिनी?" मी विचारलं.

"जवळ जाऊन बघतील. लाट मोठी आहे रे. जहाज ट्रॉलरला लावता नाही येणार, तोडून टाकेल त्याला." मग म्हणाला, "अजून किती?"

"दीड तास."

"थोडा दाब ना."

"नाही दाबता येत."

"मालूम आहे," म्हणाला. चहा संपवला, दोन्ही मग घेऊन गेला.

१२३० ला आम्ही पोचलो. यानंतरचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. इंजिन रूमला खिडकी नसते. आम्हाला फक्त टेलिग्राफ असतो. म्हणजे ब्रिजवरून हुकूम येणारी तबकडी. घंटा वाजते, काटा फिरतो, आपण तसं करायचं आणि वेळ लिहायची. त्या दुपारी मी लिहिलेली पानं मला पाठ आहेत.

१२३४, डेड स्लो अहेड, म्हणजे अगदी हळू पुढं. १२४१, स्टॉप. याचा अर्थ जेमिनी उतरली. १२५८, स्लो अस्टर्न, म्हणजे जहाज वाऱ्यानं सरकत होतं, ते मागं घेतलं. १३०६, स्टॉप. पहिली खेप आली, तिघं. १३२९, दुसरी खेप, आणखी तिघं. कुणीतरी फोनवरून सांगत होतं आणि मी पुढच्या माणसाला बोटांनी दाखवत होतो. तीन. सहा.

१३४७ ला स्टॉपची घंटा वाजली. ती एकदा वाजून थांबली नाही. पाठोपाठ हाफ अहेड, लगेच स्टॉप, लगेच हाफ अस्टर्न. मग पुन्हा स्टॉप. त्यानंतर काटा बराच वेळ तिथंच राहिला.

मी फोन उचलला. कुणी घेतला नाही.

१४२० ला ईओ साहेब खाली आले. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. "तलरेजा मिसिंग आहे. सर्च पॅटर्न सुरू करतोय. पोर्ट सहाशेवर ठेव."

"येस सर," मी म्हणालो आणि वेळ लिहिली.

काय झालं ते मला संध्याकाळी वाचलेल्या खलाशाकडून कळलं. त्याचं नाव पांडुरंग. मेस डेकवर ब्लँकेट गुंडाळून बसला होता. दात वाजत होते.

तिसऱ्या खेपेला ट्रॉलरवर दोघं उरले होते. पांडुरंग आणि तांडेल जनार्दन. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या. सकाळी दहापर्यंत बोट ठीक होती. अकराला एका लाटेनं केबिन फोडली आणि लाकडाचा वासा जनार्दनच्या छातीवर आला. त्याच्या बरगड्या मोडल्या. त्याला उभं राहता येत नव्हतं. पहिल्या खेपेला त्याला न्यायला गेले तर तो म्हणाला, आधी पोरांना न्या. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला पांडुरंग जेमिनीत उतरला आणि हरेशनं जेमिनी दुसऱ्या नाविकाच्या हातात दिली. स्वतः दोर धरून ट्रॉलरवर चढला. जनार्दनला काखेत हात घालून उचललं.

"कठड्यापर्यंत आनला व्हता त्यानं," पांडुरंग म्हणाला. "आमी हात फुडं केलं व्हतं. मंग बोट आडवी झाली."

आडवी झाली आणि पालथी झाली. जेमिनीतल्या नाविकानं ट्रॉलरला बांधलेला दोर कापला, म्हणून तो आणि पांडुरंग वाचले. त्या नाविकानं पुढं बराच काळ मला दोर कापल्याचं पुन्हापुन्हा सांगितलं. मी दर वेळी म्हणालो, बरोबर केलंस. ते बरोबरच होतं.

अंधार पडेपर्यंत शोधलं. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर पुन्हा शोधलं. १५१० ला इंधन परतीपुरतं उरलं. कॅप्टन साहेबांनी माइकवर सांगितलं, "वुई आर रिटर्निंग टू बेस."  मी वॉचवर गेलो.

घरी कळवायला एक लेफ्टनंट साहेब जाणार होते. मी जवळचा म्हणून मला बरोबर घेतलं. आम्ही सकाळी साडेदहाला कॅम्प एकच्या बाजारात पोचलो. दुकानाबाहेर बादल्यांची उतरंड होती. हरेशचे वडील, लछमनदास, गल्ल्यावर होते. मला ओळखून हसले. मग साहेबांचा युनिफॉर्म बघितला आणि उभे राहिले.

साहेबांनी इंग्रजीत सुरुवात केली. मी मध्येच म्हणालो, "काका, हरेश समुद्रात गेला. सापडला नाही."

त्यांनी थोरल्या मुलाला हात केला. तो एका गिऱ्हाइकाला पाइप मोजून देत होता. त्यानं पाइप खाली ठेवला.

"लढाई कोणाबरोबर होती?" लछमनदासांनी विचारलं.

"लढाई नव्हती, काका. मच्छीमार बुडत होते."

"पाकिस्तानी?"

"नाही. आपले. रायगडचे."

"कितने बचे?"

"सात."

"सात," ते म्हणाले. खुर्चीवर बसले. साहेबांकडं बघून बोलू लागले. "मैं कराची से जहाज में आया था, साहब. आठ साल का था. उसके बाद मैंने समंदर देखा नहीं. बम्बई जाता हूँ, माल लेता हूँ, वापस. इसको बोला, दुकान संभाल. बोला, नहीं." मग मला विचारलं, "पुट, बेटा, तू वहाँ था?"

"जहाजावर होतो. खाली, इंजिनात."

"अच्छा. इंजिन चलाता था."

"हो."

"ठीक से चला?"

 लेफ्टनंट साहेब माझ्याकडं बघत होते. "एक ठीक चाललं, काका. दुसऱ्याचा पार्ट आला नव्हता. आम्हाला उशीर झाला."

"कितना?"

"अडीच तास."

त्यांनी मान हलवली. ते पुन्हा या विषयावर माझ्याशी कधीच बोलले नाहीत.

त्या अडीच तासांवर मी बरंच बोललो आहे, पण स्वतःशीच. अठरा नॉटनं आम्ही दहाला पोचलो असतो. दहाला बोट सरळ होती, लाट निम्मी होती, जनार्दनच्या बरगड्या धड होत्या. जहाज ट्रॉलरला लावून आठही माणसं हातानं ओढून घेता आली असती. जेमिनी उतरवावीच लागली नसती. हे सगळं कदाचित आहे, हेही मला माहीत आहे. समुद्र कुणाला शब्द देत नाही. पण माझ्या रजिस्टरमध्ये सकाळी दहाच्या रकान्यात लिहिलं आहे: पोर्ट, सहाशे.

कागदपत्रांना दीड वर्ष लागलं. देह नव्हता म्हणून आधी "बेपत्ता". मग "मृत समजण्यात यावे". जिल्ह्याच्या एका कचेरीत थोरल्या भावाबरोबर मी गेलो होतो. फॉर्मवर तीन चौकोन होते, आर्मी, नेव्ही, एअरफोर्स. कारकून भला माणूस होता. म्हणाला, "यात तुमचं दल बसत नाही हो. माजी सैनिकाच्या व्याख्येतच नाही. काय करू?" शेवटी त्यानं चौकोनांच्या खाली पेननं लिहिलं, इतर.

बेअरिंग हरेश गेल्यानंतर चार महिन्यांनी आलं. मीच बसवलं. इंजिन हजारावर नेलं, तापमान बघितलं, सही केली.

मृत्यूचा दाखला मिळाला तेव्हा लछमनदासांचा निरोप आला, हरेशच्या नावानं पाण्याला द्यायचं आहे. समुद्रावर जायला त्यांचं मन होत नव्हतं. त्यांनी बदलापूरला उल्हास नदीवर यायचं ठरवलं. मी जनार्दनच्या घरीही पत्र टाकलं होतं. वाटलं नव्हतं, पण त्याची बायको आली. तिच्याबरोबर पांडुरंग होता. एस.टी. बदलत बदलत आले होते. तिनं पिशवीतून नारळ आणला होता.

सकाळी नऊची वेळ होती. घाटावर दोन-तीन बायका कपडे धूत होत्या. लछमनदासांनी परात आणली होती. तिच्यात कणकेचा दिवा, खडीसाखर, फळं. सिंधी लोक पाण्याच्या देवाला देतात तसं. त्यांनी मला विचारलं, "ये पानी समंदर में जाता है?"

"जातं, काका. कल्याण, मग खाडी, मग वसईला समुद्र."

त्यांनी परात पाण्याला टेकवून दिवा आणि फळं सोडली. जनार्दनच्या बायकोनं नारळ सोडला. मग ती त्यांच्याजवळ गेली. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "माजा मालक पयल्या खेपंला आला असता तर तुमचा पोर वाचला असता."

पांडुरंगनं मान खाली घातली. मला वाटलं, काकांना मराठी नीट कळलं नसेल. पण चाळीस वर्षं ते मराठी गिऱ्हाइकांशी बोलत होते.

"नाय बाई," ते म्हणाले. "तो कप्तान होता. त्यानं बरोबर केलं." आणि मग, "हरेशनं पण."

ती रडली. ते रडले नाहीत. मी पांडुरंगला बिडी दिली. नंतर आम्ही सगळे बेलवलीला घरी गेलो. आईनं भाकऱ्या केल्या होत्या. जेवून सगळे आपापल्या गाडीनं गेले.

मी पंधरा वर्षं पूर्ण करून बाहेर पडलो आणि अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्याचा बॉयलर सांभाळू लागलो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. लढाईच्या बातम्यांनी लोकांना फौजेचं अप्रूप वाटू लागलं होतं, तेव्हा अंबरनाथच्या एका वाचनालयानं रविवारी सकाळी मला बोलायला बोलावलं. चाळीसेक लोक होते. बहुतेक फॅक्टरीचे, निवृत्त.

मी गस्तीबद्दल, इंजिनाबद्दल बोललो. ती दुपार सांगितली नव्हती. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ उठले. देशपांडे. फॅक्टरीत मोठ्या हुद्द्यावर होते.

"राग मानू नका," ते म्हणाले, "पण नेव्ही असताना हे वेगळं दल कशाला? खर्च एकाच ठिकाणी करावा. देश गरीब आहे."

मी म्हणालो, "सर, तुमच्या फॅक्टरीत फायर ब्रिगेड होतं?"

"होतं. असणारच."

"वर्षभर ते काय करायचं?"

"सराव. पंप तपासणं. होज वाळत घालणं."

"त्यांच्या पंपाचा पार्ट मागितला तर तुम्ही काय म्हणायचा?"

ते थोडे हसले. "आधी मशीनशॉपचं बघू म्हणायचो," म्हणाले. प्रामाणिक माणूस होता.

"नेव्हीनं लढाईची तयारी करावी," मी म्हणालो. "तिची जहाजं त्यासाठी आहेत. मच्छीमार मात्र रोज समुद्रात जातो. त्याच्यासाठी रोज कुणीतरी तिथं असायला पाहिजे, त्याचं जहाज धड पाहिजे आणि एक गोदीत गेलं तर दुसरं पाहिजे. हा खर्च मेडे यायच्या आधी करावा लागतो. मेडे आल्यावर करता येत नाही. तेव्हा हातात असेल तेच घेऊन निघायचं असतं."

हे बोलताना माझा आवाज चढला नव्हता.  देशपांडे उभेच होते. त्यांनी विचारलं, "तुमच्याबरोबरचं कुणी गेलं का?"

मी त्यांना ती दुपार सांगितली. इथं सांगितली तशीच. शेवटी त्यांनी नावं विचारली आणि खिशातून पेन काढलं. मी सांगितली, त्यांनी लिहून घेतली.

हरेश लछमनदास तलरेजा, उत्तम नाविक, वय पंचवीस, राहणार कॅम्प एक, उल्हासनगर. जनार्दन, ट्रॉलरचा तांडेल, वय बावन्न, राहणार रायगडचा किनारा. दोघंही सापडले नाहीत.